इंडोनेशिया आणि मलेशियाच्या लाकूड निर्यातीची तुलना कशी करावी?

प्रश्न: दोन्ही देशांच्या हार्डवूड ओंडक्यांच्या निर्यातीचा १९७० पासूनचा ग्राफ काढतोय. इंडोनेशियाची लाईन १९८५ ला एकदम खाली पडते, मलेशियाची मात्र चालूच राहते. डेटा चुकलाय का माझा?

उत्तर: नाही, बरोबर आहे. इंडोनेशियाने १९८५ मध्ये ओंडके बाहेर पाठवायला पूर्ण बंदी घातली, पण झाडं तुटायची थांबली नाहीत हो, तेच लाकूड प्लायवूड होऊन बाहेर जायला लागलं, म्हणून फक्त ४४०३ हा कोड (कस्टम्सच्या यादीतला ओंडक्यांचा क्रमांक) पाहिलात तर फसाल, ४४०७ (चिरलेलं लाकूड) आणि ४४१२ (प्लायवूड) पण घ्या आणि सगळं, ते बनवायला किती घनमीटर ओंडके लागले त्यात बदलून मग जोडा. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, नाहीतर जंगल वाचलं असा उलटाच अर्थ निघतो.

उत्तर: मलेशियाला एक देश धरू नका प्लीज! द्वीपकल्पाने (मुख्य भूमीकडचा भाग) १९८५ मध्ये बंदी केली, बोर्निओ बेटावरच्या दोन राज्यांपैकी साबाने १९९३ मध्ये, सारावाकची निर्यात चालू होती. तीन वेगळ्या लाईन काढा.

उत्तर: इंडोनेशियाने १९९८ मध्ये आयएमएफच्या (आंतरराष्ट्रीय नाणेनिधी) कर्जाच्या अटींमुळे ओंडक्यांची निर्यात परत खुली केली आणि २००१ मध्ये बंदी परत लावली. त्यानंतरचे आकडे घेणाऱ्या देशांच्या आयातीशी ताडून बघा, बंदी असूनही तिथे इंडोनेशियाचे ओंडके नोंदलेले दिसतात, चोरटी तोड तिथेच पकडली जाते.

प्रश्नकर्ता: खूप आभार, सारावाक वेगळं काढतो आधी.