शब्दचर्चा : बाबूराव बागुलांना 'नास्तिक' म्हणावं का 'निधर्मी'?

आमच्या नाशिकरोडच्या वाचनालयात बाबूराव बागुलांवर छोटा कार्यक्रम ठेवतोय, परिचयाच्या कागदावर 'नास्तिक कामगार कवी आणि संपादक' असं टाकलं होतं तर एका ज्येष्ठ सभासदांनी अडवलं, म्हणाले नास्तिक नको, निधर्मी करा. मला दोन्ही खटकतायत. कोणता शब्द बरोबर, जाणकारांनी सांगा प्लीज.

प्रतिसाद
निधर्मी तर अजिबात नको हो. हा शब्द आपल्याकडे पेपरवाल्यांनी रुळवला तो राज्यासाठी, 'निधर्मी राज्य', 'निधर्मी पक्ष' वगैरे. माणसाला निधर्मी म्हटलं की ऐकणाऱ्याच्या कानात अधर्मी वाजतं, म्हणजे परिचय राहिला बाजूला अन् शिवीच दिल्यासारखं होतं. नास्तिक निदान सरळ आहे. देव मानत नाही तो नास्तिक, विषय संपला.

प्रतिसाद
नाही ना संपत भाऊ, इथेच तर सुरू होतो. आज घरात पूजेला बसत नाही त्या पोराला आपण नास्तिक म्हणतो, पण जुना अर्थ देवाशी बांधलेला नव्हता, वेदाशी होता. मनुस्मृतीत स्पष्ट आहे, 'नास्तिको वेदनिन्दकः'. म्हणूनच सांख्य आणि मीमांसा या जुन्या तत्त्वज्ञानांचे लोक जग निर्माण करणारा ईश्वर न मानताही आस्तिक दर्शनांत बसतात, आणि बौद्ध, जैन, चार्वाक बाहेर.

आता बागुलांची ती प्रसिद्ध कविता घ्या, 'वेदाआधी तू होतास'. पहिलाच शब्द वेद! पण त्यात निंदा कुठंय? ते वेदाला वाईट म्हणत नाहीत, ते फक्त क्रम लावतात, आधी माणूस, मग वेद, मग वेदाचा परमेश्वर. पंचमहाभूतांचं विक्राळ रूप बघून घाबरलेल्या माणसाने हात वर करून जी याचना केली तीच ऋचा झाली असं ते म्हणतात. ऋचा हा केवढा सोवळ्यातला शब्द, आणि तो त्यांनी असा भ्यालेल्या माणसाच्या तोंडात परत नेऊन ठेवला, मला तर हे नाकारण्यापेक्षा फार मोठं वाटतं.

आणि 'बारसं' बघा त्या कवितेतलं. प्रेषितांची बारशी माणसाने केली म्हणे. बारशाला काय होतं आपल्याकडे, पाळणा हलवतात, आत्या बाळाच्या कानाशी वाकून कुर्रर्र करते, नाव सांगते. नाव ठेवणारी मोठी, नाव घेणारं लहान. सूर्याला सूर्य माणसानेच म्हटलं ही ओळसुद्धा त्याच ओघातली. हे सगळे शब्द त्यांनी घरातून अन् देवळातून उचललेत, बाहेरून आणलेले नाहीत. त्यामुळे नुसतं नास्तिक लिहिलं की अर्धाच माणूस कागदावर येतो.

प्रतिसाद
वरच्या दादांशी एकदम सहमत, त्यात 'जन्मोत्सव' पण धरा. बागूल आपल्या विहितगावचे, जन्म जुलै १९३०. त्याच वर्षी २ मार्चला अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला, बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली, आणि एप्रिलमध्ये रामाच्या रथाला हात लावण्यावरून पंचवटीत दगडफेक झाली. ज्यांना रथाचा दोर धरू दिला नाही त्यांच्यातला एक लेखक पुढे लिहितो की सगळ्या ईश्वरांचे जन्मोत्सव माणसा तूच साजरे केलेस! नाशिकच्या माणसाने हा शब्द वाचला की चैत्रातली पंचवटी डोळ्यापुढे येते, दुसऱ्या गावच्या वाचकाला तो नुसता समारंभ वाटेल.

अजून एक, 'धर्मविरोधी' असंही कोणी सुचवू नका. ५ वर्षांनी, १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नाही असं जाहीर केलं आणि १९५६ ला नागपुरात बुद्धाकडे गेले. त्यांनी धर्म आणि धम्म हे शब्द मुद्दाम वेगळे ठेवले, धर्म प्रत्येकाचा खासगी मामला, धम्म माणसामाणसांतल्या वागण्याचा. बागूल फुले, मार्क्स आणि आंबेडकर तिघांना बरोबर घेऊन चालणारे. आमच्या वस्तीत आजही 'धर्म सोडला' असं कुणी म्हणत नाही, 'धम्म घेतला' म्हणतात.

प्रतिसाद (प्रश्न विचारणारा)
खूप आभार सगळ्यांचे. मग 'निरीश्वरवादी' कसा वाटतो? की 'मानवतावादी'?

प्रतिसाद
निरीश्वरवादी अर्थाला बरोबर आहे पण तो दर्शनाच्या पुस्तकातला शब्द, माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये वाढलेल्या आणि रेल्वेत नोकरी केलेल्या माणसाच्या अंगावर परका दिसतो. मानवतावादी हल्ली प्रत्येक सत्काराच्या शालीबरोबर देतात, त्यात धार नाही उरली. माझं ऐकाल तर विशेषणच काढा. 'कामगार, कवी, कथाकार, आम्ही या नियतकालिकाचे संपादक' एवढं ठेवा, त्याखाली त्या कवितेची पहिली ओळ मोठ्या टायपात छापा, आणि कार्यक्रमात कविता पूर्ण वाचा, मोठ्याने, सावकाश. त्या ज्येष्ठ सभासदांनाच वाचायला सांगा.