मदत हवी आहे: पत्र्याच्या शेडची कैची, तिरप्या पाइपची लांबी आणि कापायचा कोन

शेडचे_काम
दोन पाखी शेडची कैची (छप्पर पेलणारा त्रिकोणी सांगाडा) बनवायची आहे. रुंदी २० फूट, आढ्याखाली मधली उंची ५ फूट, दोन्ही पाखं सारखी, म्हणजे समद्विभुज त्रिकोण. पाइप २ इंची चौकोनी.
पायथागोरसने तिरपा पाइप ११.१८ आला. हे ११ फूट १८ इंच, म्हणजे साडेबारा फूट का? कोन काढायला गेलो तर कॅल्क्युलेटर ०.४६ दाखवतोय. शिवाय वळचण दीड फूट बाहेर काढायची आहे, ११.१८ मध्ये १.५ मिळवले की झाले ना?

काटकोन्या
तिन्हीकडे गडबड आहे, पण मूळ गणित बरोबर आहे. निम्मा पाया १०, उंची ५; १०० + २५ = १२५, वर्गमूळ ११.१८. (पुष्कळ जण निम्मा न करता अख्खे २० धरतात आणि २०.६ काढून बसतात.)

११.१८ हे फुटातले दशांश आहेत, इंच नव्हेत. .१८ × १२ = २.१६ इंच. टेपवर ११ फूट २ इंच १ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). साडेबारा फुटाने कापलात तर एकेका पाइपमागे सव्वा फुटाहून जास्त वाढेल.

०.४६ हे रेडियन आहे. कॅल्क्युलेटर डिग्रीवर टाका, २६.५७ अंश येईल. दोन्ही पायथ्यांशी हाच कोन, माथ्यावर १८० − ५३.१४ = १२६.८६.

वळचणीचा दीड फूट आडवा आहे, पाइप मात्र तिरका जातो. तुमच्या उतारावर आडव्या फुटाला तिरपा १.११८ फूट लागतो. म्हणून ११.५ × १.११८ = १२.८६, म्हणजे १२ फूट १० इंच २ सूत. वळचणीचे टोक भिंतीच्या माथ्यापेक्षा ९ इंच खाली येईल. दाराची झडप वर उघडत असेल तर ते आधी बघा.

ग्राइंडर
कोनाबद्दल. कटर मशीनच्या पट्टीवर शून्य म्हणजे सरळ काटकोनी काप. माथ्याचा उभा काप घ्यायला पट्टी २६.५ वर लावायची. माथ्याचा निम्मा कोन ६३.४३ म्हणून तो लावायला जाल तर बहुतेक मशीन ४५ च्या पुढे वळतच नाही.

खरे तर कोन मोजूच नका. उतार २ ला १ (आडवे २, उभे १) आहे, पाइप २ इंची. वरच्या कडेवर खूण करा, खालच्या कडेवर १ इंच मागे या, दोन खुणा जोडा. हाच काप. लांबी नेहमी वरच्या कडेने मोजा. खालच्या कडेने मोजली तर माथा जुळतो पण पाया दोन्हीकडून पसरतो, आणि चूक वेल्डिंग झाल्यावर कळते.

पायथ्याचा काप मात्र ६३.४३ चाच आहे. तो पुठ्ठ्याचा साचा करून हातग्राइंडरनेच घ्यावा लागतो.

काटकोन्या
आतल्या तिरप्या आधारासाठी एक सोय आहे. मधल्या उभ्या पाइपच्या पायापासून तिरप्या पाइपच्या मध्यापर्यंतचे अंतर बरोबर तिरप्याच्या निम्मे येते: ५.५९ फूट, म्हणजे ५ फूट ७ इंच. (काटकोन त्रिकोणात कर्णावरची मध्यगा कर्णाच्या निम्मी, शाळेतलेच.) जमिनीवर आखणी करताना दोन्ही बाजूंना हे अंतर जुळले नाही, तर वेल्डिंगचे टाके मारू नका.

पण २० फूट आतून मोजलेत की बाहेरून?

शेडचे_काम
आतून. भिंत ९ इंची.

काटकोन्या
मग वरचे आकडे सोडून द्या. कैची भिंतीच्या बाहेरच्या कडेपर्यंत बसते. पाया २१ फूट ६ इंच, निम्मा १०.७५. उंची ५ च ठेवली तर तिरपा ११.८६ फूट, कोन २४.९४, आणि २ ला १ ची खूण चालणार नाही. उतार तोच हवा असेल तर उंची ५ फूट साडेचार इंच करा. तिरपा १२ फूट २ सूत, वळचणीसकट १३ फूट ८ इंच ३ सूत. मी असतो तर हेच केले असते.

ग्राइंडर
मलाही हेच पटते. ६ मीटरचा पाइप १९ फूट ८ इंचाचा. वळचणीसकट तिरपा काढून ६ फुटाला थोडा कमी तुकडा उरतो. आतला आधार कागदावर ६ फूट असला तरी पाइपच्या जाडीपोटी अडीच इंच तरी कमी लागतो, त्यामुळे तो त्याच तुकड्यात निघतो. आधी लांब तिरपे कापा, आधार शेवटी. १२ फुटी पत्रा मात्र पुरणार नाही; जोड द्यावा लागेल, त्यात ६ इंच चढाव (पत्र्यावर पत्रा) धरा आणि जोडाखाली आडवा पाइप येऊ द्या. २ इंची पाइप एवढ्या रुंदीला पुरेसा आहे का, हे कैच्यांमधले अंतर आणि वारा बघून इंजिनिअरकडूनच ठरवून घ्या. त्रिकोणाच्या गणितातून ते निघत नाही.