सामायिक रिंग बफरमधील वाचकांची संख्या चुकते आणि लेखक अडकून पडतो

भोसरीकर (प्रश्न)

नमस्कार. भोसरीतील एका छोट्या कारखान्यात पंपांच्या टेस्ट बेंचवरील प्रेशर सेन्सरची मोजमापे साठवणारी सी भाषेतील प्रणाली मी सांभाळतो. लिनक्सवर एक प्रोसेस (लेखक) सामायिक मेमरीतील १०२४ कप्प्यांच्या रिंग बफरमध्ये (शेवटच्या कप्प्यानंतर पुन्हा पहिल्यावर येणाऱ्या जागेत) लिहिते आणि आलेख, नोंदी व अलार्म यांच्या तीन प्रोसेस (वाचक) त्यातून वाचतात. वाचक जोडला गेला की हेडरमधील (बफरच्या सुरुवातीच्या माहितीतील) काउंटर वाढतो, बाहेर पडला की कमी होतो. लिहिताना लेखक त्या क्षणाची वाचकसंख्या कप्प्यात टाकतो, प्रत्येक वाचक वाचून झाल्यावर ती एकने घटवतो, आणि ती शून्य झाल्याशिवाय त्या कप्प्यावर पुन्हा लिहिले जात नाही.

शुक्रवारी सुरळीत चालणारी ही रचना सोमवार-मंगळवारपर्यंत अडखळते. लेखक एखाद्या कप्प्यापाशी थांबतो तो थांबतोच. डीबगरमध्ये पाहिले तेव्हा दोनच वाचक चालू असताना काउंटर ३ दाखवत होता आणि एकदा तर ४,२९,४९,६७,२९५. काउंटर पूर्वी व्होलटाइल होता. तो सी११ मधील ॲटॉमिक (ज्याची वाढ-घट एकाच अखंड पायरीत होते असा) केल्यावर प्रकार कमी झाला, पण थांबला नाही. आता म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप) लावावा का?

कर्वेनगरचा वाचक

व्होलटाइलमुळे कंपायलर दर वेळी मेमरीतून वाचतो एवढेच. वाचणे, वाढवणे आणि परत लिहिणे या तीन पायऱ्या वेगळ्याच राहतात आणि त्यांच्या मध्ये दुसरी प्रोसेस घुसू शकते. ॲटॉमिकने ती फट बुजली. उरलेला दोष काउंटरच्या कल्पनेतच आहे.

वाचक सिगकिलने (तत्काळ संपवणाऱ्या सिग्नलने) मारला गेला किंवा सेगमेंटेशन फॉल्टने (मेमरीच्या चुकीच्या वापराने) कोसळला, तर बाहेर पडतानाचे फंक्शन चालतच नाही आणि वाढवलेला आकडा कोणीही घटवत नाही. सामायिक मेमरीची फाइल रॅममध्ये असते, म्हणून ती प्रोसेस मेल्यावरही टिकते आणि संगणक बंद झाल्यावर जाते. आपल्या भागात गुरुवारी वीज बंद असते, त्यामुळे शुक्रवारी आपल्याला स्वच्छ काउंटर मिळतो आणि दोष आठवडाभर साचत जातो, असा माझा तर्क आहे.

तो अवाढव्य आकडा म्हणजे ३२ बिटांच्या अनसाइन्ड पूर्णांकातील उणे एक. शून्याच्या खाली जाण्याचे एक नेहमीचे कारण फोर्क (प्रोसेसची प्रत, म्हणजे चाइल्ड, तयार करणे) हे असते: चाइल्ड प्रोसेसला मॅपिंग वारशाने मिळते, बाहेर पडतानाचे फंक्शनही मिळते, पण तिच्यासाठी काउंटर वाढवलेला नसतो. एक्झेक (चाइल्डमध्ये दुसरा प्रोग्रॅम चालू करणे) यशस्वी झाले तर ते फंक्शन पुसले जाते. ते फसले आणि चाइल्डने साधे एक्झिट बोलावले, तर एकाच वाचकापोटी दोनदा वजाबाकी होते.

याहून वाईट प्रकार आवाज न करता घडतो. कप्प्यात २ लिहिल्यानंतर तिसरा वाचक जोडला गेला आणि त्यानेही तो कप्पा वाचून आकडा घटवला, तर एक जण अजून वाचत असतानाच तिथे शून्य दिसते, आणि लेखक त्याच्या डोळ्यांदेखत नवे मोजमाप लिहून टाकतो.

मेसमध्ये फक्त ‘आज तीस जण’ असे लिहिले, तर न सांगता गावी गेलेला कोण हे कळत नाही. तिथे नावांची वहीच लागते. प्रत्येक वाचकाला हेडरमधील तक्त्यात एक ओळ द्या, तीत त्याने कुठवर वाचले ते स्थान ठेवा, आणि ते त्याच वाचकाने बदलावे. लेखकाने सर्वांत मागे असलेल्या चालू वाचकाचे स्थान पाहून जागा आहे की नाही ते ठरवावे. हेडरमधील आणि कप्प्यातील असे दोन्ही काउंटर काढून टाकता येतील.

एक कर्नलप्रेमी

साधा म्युटेक्स घेऊन वाचक मेला तर सगळेच अडकतील. रोबस्ट आणि प्रोसेसमध्ये सामायिक असा म्युटेक्स धारक मेल्याचे कळवतो, पण राहून गेलेली वजाबाकी तोही करणार नाही.

मेलेला वाचक ओळखण्यासाठी केवळ पीआयडीवर (प्रोसेसच्या क्रमांकावर) विसंबू नये, कारण तोच क्रमांक पुढे दुसऱ्या प्रोसेसला मिळू शकतो. प्रत्येक वाचकाने एका फाइलमधील आपापल्या बाइटवर एफसीएनटीएलचे (फाइलचा भाग राखून ठेवता येणाऱ्या सिस्टिम कॉलचे) लॉक धरावे. प्रोसेस कशीही मेली तरी कर्नल (ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा) ते सोडतो, आणि फोर्कने ते चाइल्डकडे जात नाही. मात्र त्याच प्रोसेसने ती फाइल दुसरीकडे कुठेही उघडून बंद केली, तर लॉक गुपचूप सुटते; हा नियम विचित्र आहे, पण पॉझिक्सचाच (युनिक्ससारख्या प्रणालींच्या मानकाचाच) आहे.

भोसरीकर

आभारी आहे. अलार्मची प्रोसेस एसएमएस पाठवणारी स्क्रिप्ट फोर्क करूनच चालवते आणि त्या स्क्रिप्टची जागा बदललेली आहे, म्हणजे एक्झेक फसतच असणार. तिथे अंडरस्कोर-एक्झिट (बाहेर पडतानाचे फंक्शन न चालवता प्रोसेस संपवणारे) घालतो. नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी?

कर्वेनगरचा वाचक

लेखकाच्या सध्याच्या स्थानापासून. पण क्रम सांभाळा. स्थान वाचून मग ओळ ‘चालू’ केली, तर मधल्या वेळात लेखक पूर्ण फेरी मारू शकतो. म्हणून आधी ओळ चालू करा, मग सीक्वेन्शियली कन्सिस्टंट फेन्स (आधीच्या-नंतरच्या मेमरी क्रियांचा क्रम बदलू न देणारी सूचना) घाला, लेखकाचे स्थान पुन्हा वाचून तेच आपले करा आणि त्यानंतरच पहिले मोजमाप घ्या. लेखकानेही नवे स्थान जाहीर केल्यावर असाच फेन्स घालून, प्रत्येक वेळी लिहिण्याआधी तक्ता तपासावा. आधीचे लिखाण नंतरच्या वाचनामागे सरकणे एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवरही घडते, त्यामुळे इथे अक्वायर-रिलीज हा क्रम राखण्याचा सौम्य प्रकार पुरत नाही. बफर भरला का हे पाहताना फरक १०२४ इतका ‘किंवा जास्त’ अशी तुलना ठेवा. नुसती बरोबरी तपासली तर जुन्या स्थानाने जोडला गेलेला वाचक निसटतो.

थ्रेड सॅनिटायझरला (थ्रेडमधील टकरी शोधणाऱ्या साधनाला) दुसऱ्या प्रोसेसमधील लिखाण दिसत नाही. चाचणीपुरते वाचक थ्रेड म्हणून चालवा, आणि लॉकची तपासणी मात्र खऱ्या प्रोसेस चालू असताना मारून करा.