१ आणि ० यांचा त्रिकोण: चाराचा नमुना विरतो, तिनाचा का टिकतो?

खानापूरची शिक्षिका
खानापूर तालुक्यातील मराठी शाळेत मी सातवीला गणित शिकवते. मुलांकडून चौकटीच्या कागदावर एक त्रिकोण भरून घेतला. वरच्या ओळीत १ आणि ० यांचा एखादा नमुना पुन्हा पुन्हा लिहायचा. शेजारची दोन घरे सारखी असतील तर त्यांच्या खाली ०, वेगळी असतील तर १. प्रत्येक ओळीत एक घर कमी होत शेवटी एकच उरते. बारा घरांत १००० हा नमुना घेतला, तेव्हा दुसरी ओळ १००११००११००, तिसरी १०१०१०१०१०, चौथीत नुसते १ आणि पाचवीपासून टोकापर्यंत शून्येच. ११० मात्र तसाच, सरकत सरकत खालपर्यंत उतरला. एका मुलीने विचारले, "बाई, चाराचा मरतो, मग तिनाचा का मरत नाही?" तिला पटेल असे कारण कसे सांगावे?

निपाणीचे निवृत्त शिक्षक
बाई, मुलीचा प्रश्न नेमका आहे. नियम असा मांडा: दोन घरांची बेरीज सम असेल तर ०, विषम असेल तर १. ओळीत अ, ब, क ही घरे असतील, तर खाली अ+ब आणि ब+क येतात आणि त्यांच्याही खाली अ+ब+ब+क. ब दोनदा आल्यामुळे गळतो, उरते अ+क. म्हणजे दोन ओळी उतरल्यावर मधले घर सोडून त्याच्या दोन्ही बाजूंच्या घरांची बेरीज मिळते. हेच पुन्हा केले की चार ओळी खाली पहिल्या आणि पाचव्या घराची. चाराच्या नमुन्यात ही दोन्ही घरे सारखीच असल्याने तेथे ० येणारच, मग नमुना कोणताही असो. आठाचा नमुना याच न्यायाने फार तर आठ ओळी टिकतो.

११० मध्ये कोणतीही सलग तीन घरे घेतली तरी त्यांत दोनच १ असतात, बेरीज सम. त्यामुळे दोन घरांची बेरीज म्हणजेच पुढचे तिसरे घर. खालची ओळ ही वरचीच ओळ, तिसऱ्या घरापासून वाचलेली! १०० घेतल्यास दुसऱ्या ओळीपासून तो याच कुळात येतो. १११ तेवढा लगेच विरतो.

वडगाव, बेळगाव
आमच्या घरी साड्यांचे माग आहेत. नक्षी विणणाऱ्या जेकॉर्ड यंत्रणेच्या पुठ्ठ्यावर जेथे छिद्र असते, तेथील ताण्याचा (उभा) धागा उचलला जातो. छिद्र म्हणजे १ समजा. ११० च्या ओळी डाव्या कडेला जुळवून एकाखाली एक लिहून पाहिल्या, तर ० प्रत्येक ओळीत एक घर उजवीकडे सरकतो. दोन धागे वर, एक खाली आणि प्रत्येक बाण्याला (आडव्या धाग्याला) एक धागा सरकायचे, हीच ट्विल नावाची तिरकी वीण. तिची तिरकी रेघ कागदावर उमटलेली पाहून मला फार आनंद झाला.

चिकोडी, एम.एस्सी. विद्यार्थिनी
बाई, पुढचा प्रश्नही मुलांना द्यावा. १२ घरांच्या त्रिकोणात एकूण ७८ घरे असतात आणि ११० मुळे त्यांत ५२ एक येतात. १ आणि ० समसमान, म्हणजे ३९-३९, यावेत यासाठी वरची ओळ कशी निवडावी? पोलंडचे गणिती ह्यूगो स्टाइनहाउस यांनी अधिक-उणे चिन्हे वापरून हाच प्रश्न मांडला होता. एकूण घरे सम असतील त्या प्रत्येक लांबीसाठी अशी ओळ मिळते, हे जर्मन गणिती हाइको हार्बोर्थ यांनी १९७२ मध्ये सिद्ध केले. सुरुवात चार घरांपासून करावी: ११००, ०१०, ११, ०. पाच एक, पाच शून्ये.