आर्मचे उत्पन्न वाढले. पण पागडी वाढली की भाडे?

नौपाडाकर (धागाकर्ता):
निवृत्तीनंतर हाती आलेल्या रकमेतील थोडा भाग मी रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस (परदेशात पैसे पाठवू देणाऱ्या) योजनेतून अमेरिकी बाजारात गुंतवला आणि त्यात आर्म या ब्रिटिश कंपनीचे काही शेअर घेतले. प्रोसेसरची रचना वापरण्याचा परवाना देणे हा या कंपनीचा मूळ धंदा. परवान्यासाठी ती आधी शुल्क घेते आणि पुढे त्या रचनेवरील चिप विकल्या गेल्या की प्रत्येक चिपमागे रॉयल्टी घेते. आमच्या नौपाड्याच्या भाषेत सांगायचे तर शुल्क ही पागडी आणि रॉयल्टी हे भाडे.

मार्च २०२३ला संपलेल्या वर्षात कंपनीचे उत्पन्न सुमारे २६८ कोटी डॉलर होते, ते दोन वर्षांत ४०० कोटींवर गेले. मात्र या काळात रॉयल्टी सुमारे १६८ कोटींवरून २१७ कोटींवर आली, तर परवाना शुल्क १०० कोटींवरून १८४ कोटींच्या आसपास पोहोचले. म्हणजे वाढीतला मोठा वाटा पागडीचा आहे, आणि पागडी काही दरवर्षी मिळत नाही. शिवाय २०२२ मध्ये आर्मने क्वालकॉम या आपल्याच मोठ्या ग्राहकावर दावा लावला आणि डिसेंबर २०२४ मध्ये डेलावेअरच्या ज्यूरीने मुख्य मुद्द्यावर क्वालकॉमच्या बाजूने कौल दिला. भाडेकरूशी कज्जा करून हात पोळलेल्या मालकाला भाडे वाढवून मिळेल, असे आपल्याला वाटते का?

ऐरोलीचा चिपवाला:
काका, उपमा छान आहे, पण इथेच ती फसवते. पागडीच्या घराचे भाडे कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढवता येते. इथे मात्र चिप जितक्या अधिक आणि जितक्या महाग विकल्या जातील तितकी रॉयल्टी वाढते, आणि आर्मच्या रचनेच्या नव्या व्ही९ पिढीचा दर आधीच्या व्ही८ पिढीच्या साधारण दुप्पट असल्याचे कंपनीच सांगते. मी चिपची रचना तपासण्याचे काम करतो. आज परवाना घेतला की रचना, तपासणी, टेप-आउट (अंतिम आराखडा कारखान्याकडे सोपवणे) आणि उत्पादन पार पडून चिप बाजारात यायला तीन-चार वर्षे सहज जातात, त्यामुळे ज्या शुल्काला आपण एकवेळची पागडी म्हणता तिचे भाडे अजून सुरूच झालेले नाही. जुने भाडे किती टिकते तेही पाहा: २०२२-२३ मधील रॉयल्टीपैकी सुमारे ४६ टक्के रक्कम १९९० ते २०१२ या काळात आणलेल्या उत्पादनांवर मिळाली होती.

वाशीचा सीए:
दोघांनीही परवाना शुल्काच्या आकड्यांवरून घाईने निष्कर्ष काढू नयेत. परवान्याचे पैसे हप्त्यांनी येणार असले तरी रचना ग्राहकाच्या ताब्यात दिली की उत्पन्नाचा मोठा भाग त्याच तिमाहीत दाखवला जातो, म्हणून एखादा मोठा करार झाला की आलेख उसळतो आणि पुढच्या तिमाहीत बसतो. मला खरी चिंता चीनची वाटते. २०२२-२३ मध्ये उत्पन्नाचा साधारण चौथा हिस्सा चीनमधून आला होता आणि तेथील व्यवहार मुख्यतः आर्म चायना या वेगळ्या कंपनीमार्फत होतात, जिच्यात आर्मचा स्वतःचा हिस्सा पाच टक्क्यांच्याही आत आहे.

घणसोलीकर:
रिस्क-फाइव्ह या आर्मशी स्पर्धा करणाऱ्या खुल्या रचनेचे नाव कोणीच कसे घेतले नाही? २०१० मध्ये अमेरिकेतील बर्कली विद्यापीठात सुरू झालेल्या त्या रचनेला रॉयल्टीच नाही, आणि आपल्या आयआयटी मद्रासने त्यावर ‘शक्ती’ प्रोसेसर बनवला.

ऐरोलीचा चिपवाला:
फुकट आहे तो सूचनासंच, म्हणजे प्रोसेसरला समजणाऱ्या आज्ञांची यादी. त्यावर प्रोसेसर रचणे, तो तपासणे आणि वर्षानुवर्षे आर्मसाठी लिहिलेले सॉफ्टवेअर त्यावर आणणे यांतले काहीही फुकट नाही. उपकरणांतल्या लहान कंट्रोलर चिपमध्ये ती आर्मचे ग्राहक नक्की खाईल. मोबाइलमध्ये इतक्यात नाही.

नौपाडाकर:
परवाना आणि रॉयल्टी यांतील अंतराचा आपला मुद्दा मला मान्य आहे. पण ४६ टक्क्यांचा आकडा मी उलट बाजूने वाचतो: २०१२ नंतरच्या दहा वर्षांत जे काही नवे दिले, त्या सगळ्याचे मिळून भाडे निम्म्याहून थोडेच अधिक भरते. जुन्या चाळीवर चाललेल्या मालकाला मी नव्या टॉवरचा भाव कसा द्यावा? निम्मे शेअर विकायला काढले आहेत. उरलेले मे महिन्यातील वार्षिक निकालापर्यंत ठेवतो, आणि त्या दिवशी एकूण उत्पन्नाच्या आधी रॉयल्टीची ओळ पाहणार आहे.