जागतिक राजकारण: भाषण ऐकावं की पुस्तक वाचावं?

सडेतोड (धागाकर्ता)

युक्रेनचा विषय निघाला की कोणीतरी अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ जॉन मिअरशायमर यांच्या भाषणाची लिंक चिकटवतंच. शिकागो विद्यापीठातलं २०१५ चं भाषण, युक्रेनच्या पेचाला पाश्चात्त्य देशच जबाबदार आहेत असं सांगणारं. २०२२ मध्ये रशियाने चढाई केल्यावर ते कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं आणि 'बघा, सात वर्षं आधीच सांगितलं होतं' हे पालुपद सुरू झालं. पण त्याच भाषणात ते असंही म्हणाले होते, की रशियाची वाट लावायची असेल तर त्याला युक्रेन जिंकायला उद्युक्त करा. मात्र पुतिन हुशार आहेत, ते त्या फंदात पडणार नाहीत. लिंक चिकटवणाऱ्यांना नेमकं हेच आठवत नाही.

माझं म्हणणं एवढंच, की भाषणातून जागतिक राजकारण कळत नाही, कळल्यासारखं वाटतं. ठाम वक्ता, पडद्यावर नकाशे, मधूनमधून हशा. मनात शंका येईपर्यंत गाडी पुढच्या मुद्द्यावर गेलेली असते. पुस्तकात मागचं पान उलटता येतं, तळटीप तपासता येते.

समासातला

साफ असहमत. पुस्तकं सावध असतात हा गोड गैरसमज आहे. यापुढचे झगडे संस्कृतींमध्ये होतील, हा अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ सॅम्युएल हंटिंग्टन यांचा 'संस्कृतींचा संघर्ष' सिद्धांत १९९२ मध्ये आधी व्याख्यान म्हणूनच मांडला गेला. १९९३ मध्ये 'फॉरेन अफेअर्स' या अमेरिकी नियतकालिकात लेख आला, त्याच्या शीर्षकापुढे प्रश्नचिन्ह होतं. १९९६ चं पुस्तक आलं आणि प्रश्नचिन्ह गेलं! उदारमतवादी लोकशाही हाच शेवटचा टप्पा म्हणणाऱ्या फ्रान्सिस फुकुयामा या अमेरिकी अभ्यासकाचंही तेच. १९८९ च्या लेखात 'इतिहासाचा अंत?', १९९२ च्या पुस्तकात प्रश्न नाहीच. पानं वाढली तशी शंका आटली.

सडेतोड

मुखपृष्ठ वाचून निकाल देऊ नका हो. १९९३ च्या लेखात हंटिंग्टन यांचा तर्क होता, की रशियन आणि युक्रेनी दोघेही स्लाव, बहुतांशी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, म्हणून त्यांच्यात हिंसाचाराची शक्यता कमी. पुस्तकात त्यांनी युक्रेनचा पश्चिम भाग आणि पूर्व भाग यांच्यातली भेग उलगडली आणि देश दुभंगू शकतो असं लिहिलं. अंदाज बरोबर की चूक ते सोडा, पण विचार पुढे सरकलेला दिसतो.

आणि मिअरशायमर यांचंच घ्या. १९९३ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी लिहिलं होतं, की युक्रेनने सोव्हिएत काळातली अण्वस्त्रं राखावीत, नाहीतर रशियापुढे तो उघडा पडेल. १९९४ च्या बुडापेस्ट करारात युक्रेनने ती सोडायचं मान्य केलं. म्हणजे 'दोष पाश्चात्त्यांचा' म्हणणारा माणूस बावीस वर्षं आधी रशियाच्या धोक्याची घंटा वाजवत होता. यात विसंगती नाही. बड्या सत्ता शेजाऱ्यांशी अशाच वागतात, हे त्यांचं दोन्हीकडचं गृहीतक. पण नुसतं भाषण पाहिलेला माणूस त्यांना रशियाचा वकील समजतो, नाहीतर द्रष्टा.

श्रोता_क्रमांक_एक

लेख वाचायची बुद्धी किती जणांना ते भाषण पाहूनच झाली असेल, याचाही हिशेब मांडा की. शिवाय सभागृहात कोणीतरी उठून आडवा प्रश्न विचारू शकतो, पुस्तकाला कोण विचारणार? अमेरिकी मुत्सद्दी जॉर्ज केनन यांनी अमेरिकेच्या परराष्ट्र धोरणावर शिकागोत व्याख्यानं दिली, त्यांचंच १९५१ मध्ये पुस्तक झालं. छोटंसं आहे, पण अजून वाचलं जातं. समोरचा जांभई देईल या धाकाने जे गाळलं जातं, ते बहुतेक वेळा गाळण्याच्याच लायकीचं असतं. सातशे पानी ग्रंथ लिहिणाऱ्यांना हा धाक हवाच होता.

उंटावरचा शहाणा

तुम्ही माध्यमावर भांडताय, दुखणं वेगळंच आहे. मानसशास्त्रज्ञ फिलिप टेटलॉक यांनी २८४ तज्ज्ञांचे राजकीय अंदाज वर्षानुवर्षं नोंदवले आणि २००५ मध्ये निष्कर्ष छापले. एकाच मोठ्या सिद्धांताच्या चष्म्यातून जग पाहणारे जास्त चुकले आणि माध्यमांतून जास्त झळकणाऱ्यांची कामगिरीही त्यातल्या त्यात वाईट. 'अमुक झालं तर तमुक, पण नाही झालं तर...' असं अडखळत बोलणाऱ्याला व्यासपीठावर बोलवतो कोण? त्याचं पुस्तक तरी कुठे खपतं?

(अवांतर: हे टेटलॉकही मला एका भाषणातूनच कळले.)

समासातला

@उंटावरचा शहाणा, हे आकडे आपल्याला मान्य. पण अंदाज चुकला की ग्रंथ रद्दीत, हे गणित पटत नाही. बड्या सत्तांच्या उदयास्तावरच्या इतिहासकार पॉल केनेडी यांच्या १९८७ च्या ग्रंथावरून अमेरिकेच्या घसरणीची केवढी चर्चा झाली, आणि १९९१ मध्ये कोसळला सोव्हिएत संघ. तरीही लष्करी पसारा आणि तो पोसणारं अर्थबळ यांच्यातली ओढाताण समजून घ्यायला मी आजही तोच ग्रंथ काढतो. हवामान खात्यासारखे गुण देऊन अशा पुस्तकाचं काय मोजणार?

सडेतोड

गुण द्यायलाच हवेत. हे लोक सरकारांना सल्ले देतात, नुसती वाचकांची करमणूक करत नाहीत.