मदत हवी: जंगल, वन्यजीव आणि जमीन मोजणी तिन्ही शिकायचं आहे, बारावीनंतर सुरुवात कुठून करू?

मोहफूल:

नमस्कार. मी गोंदिया जिल्ह्यातली, अर्जुनी मोरगाव तालुक्यातली. यंदा बारावी विज्ञान झाले, गणित आणि जीवशास्त्र दोन्ही होते. सीईटी दिली आहे. प्रवेशाचे अर्ज भरायच्या आत ठरवायचं आहे आणि घरात यातलं माहीत असणारं कोणी नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आहे, म्हणजे जंगलावर सगळ्या गावाचा मिळून कायदेशीर हक्क. कागदावर जंगलाच्या तुकड्याचा कक्ष क्रमांक आहे, हेक्टर आहेत, सोबत नकाशा आहे. मागच्या उन्हाळ्यात तेंदूपत्त्याच्या वेळी शेजारच्या गावाशी हद्दीवरून वाद झाला. ठरलं होतं नाल्यापर्यंत आमचं. ग्रामसभेनं वर्गणी काढून मोजणी करणारा माणूस आणला. त्यानं नकाशा मोबाइलवर चढवला, तर हद्द नाल्याच्या अलीकडेच दीडशे पावलांवर आली. माझे आजोबा म्हणाले, नाला सरकला आहे. जुना नाला तिथे होता जिथे अर्जुनाची झाडं ओळीनं उभी आहेत. म्हणजे नकाशा कदाचित बरोबरच होता! पण त्या माणसाला अर्जुन कुठला आणि ऐन कुठला हे ओळखता येईना, आणि त्याच्या यंत्रावरचे आकडे आम्हाला कळेनात. दोन्ही गावं चिडून घरी गेली. वाद अजून तसाच आहे.

त्या दिवसापासून मला वाटतं की झाड ओळखणारा आणि जमीन मोजणारा माणूस एकच असायला हवा. आणि तो आमच्या गावातला असावा.

वन्यजीवांचं म्हणाल तर आमच्याकडे तो छंदाचा विषय नाही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प 2013 मध्ये झाला, आम्ही त्याच्या जवळच राहतो. मोह वेचायला बाया पहाटे जातात तेव्हा त्याच झाडाखाली अस्वलही मोह खायला आलेलं असतं. माझ्या मोठ्या आईच्या खांद्यावर अजून वण आहेत. धान निसवलं की रानडुकरं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात शिरतात. हे का होतं, कुठे जास्त होतं, कसं कमी करता येईल, हे मला शिकायचं आहे.

बाबा वनमजूर आहेत. ते म्हणतात, बारावीवर वनरक्षकाची भरती दे, तीन किलोमीटर तू सहज धावशील. सर म्हणतात बीएस्सी ॲग्री कर. मावसभाऊ म्हणतो आयटीआयला सर्व्हेअर कर, दोन वर्षांत हाताला काम. तिघांचंही चुकीचं नाही, पण प्रत्येकात काहीतरी राहून जातं.

वनशास्त्राच्या पदवीत मोजणी खरंच शिकवतात का, की नुसतं पुस्तकात असते? ती पदवी घेऊन वनसेवेची परीक्षा देता येते का? माझी उंची 151 सेंटिमीटर आहे. आणि दापोली बरं की अकोला? घरून पैशाची फार मदत होणार नाही.

हिरडाबेहडा:

मोहफूल, मी दापोलीच्या वनविद्या महाविद्यालयातून चार वर्षांची बीएस्सी ऑनर्स वनशास्त्र केलेली आहे. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: हो, शिकवतात, पण मोजणी म्हणजे दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक वनमापन. झाडाचा घेर जमिनीपासून 1.37 मीटरवर घ्यायचा, उंची काढायची, त्यावरून एका झाडात किती लाकूड, हेक्टरभर रानात किती उभं आहे, हे काढायचं. हे फार पक्कं शिकवतात, उतारावर घेर वरच्या बाजूनं उभं राहून घ्यायचा इथपासून. दुसरी सर्वेक्षणाची बाजू: साखळी, होकायंत्र, प्लेन टेबल (जागेवरच नकाशा काढायची पाटी), जीआयएस (संगणकावरचे नकाशे). त्यातलं तोंडओळखीएवढं मिळतं. तुझ्या गावची हद्द लावण्याइतका हात त्यावर बसत नाही, तो सुट्टीत स्वतः बसवावा लागतो. क्यूजीआयएस हे संगणकावर नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, पहिल्या वर्षापासून त्यावर बस.

वनसेवेला ही पदवी चालते. राज्यात लोकसेवा आयोगाकडून वनक्षेत्रपाल आणि सहायक वनसंरक्षक, देशपातळीवर भारतीय वनसेवा. भारतीय वनसेवेत मुलींना उंची 150 लागते, अनुसूचित जमातीला 145, म्हणजे तू बसतेस. चार तासांत 14 किलोमीटर चालायचं असतं, ते तुला सांगायला नको.

दापोली की अकोला? पैशाचा प्रश्न असेल तर अकोला. महाराष्ट्र एक्स्प्रेस गोंदियाहून निघते ती अकोल्यावरूनच जाते. दापोलीला यायचं तर कोकण रेल्वेनं खेडला उतरून पुन्हा बस. शिवाय अकोल्याच्या आजूबाजूची झाडं तुझ्या रानातली आहेत, साग, ऐन, धावडा. कोकणातलं रान निराळं. मला ते निराळं रान बघून फायदा झाला, हेही खरं.

आणेपै:

ताई, मी भूकरमापक आहे, म्हणजे सरकारी खात्यात जमिनी मोजतो, पंधरा वर्षं झाली. आमच्या जागांना सिव्हिलचा डिप्लोमा किंवा दहावीनंतर आयटीआयचा सर्व्हेअर ट्रेड लागतो, वर टायपिंग. हे मोजणीचं खातं आहे, इथे जंगल भेटत नाही. तुम्हाला दोन्ही हवं असेल तर आयटीआयवर थांबू नका.

तुमच्या नाल्याबद्दल वाचून राहवलं नाही म्हणून लिहितो. जुने नकाशे साखळीनं मोजलेले आहेत. साखळी 33 फुटांची, तिचे 16 आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा. त्या वेळच्या माणसानं नाला जिथे पाहिला तिथे काढला. त्यामुळे तुमच्या आजोबांनी अर्जुनाच्या ओळीवरून जुना काठ दाखवला ती साक्ष मोजणीत मोलाची आहे, ती पंचनाम्यात लिहून घ्या. दुसरं, मोबाइलवर हद्द लावू नका. दाट पानांखाली तो बऱ्याच मीटरनी चुकतो, आमचं उपग्रहावरून मोजणारं यंत्र, रोव्हर, तेसुद्धा झाडाखाली अडखळतं. सागाची पानं गळून गेल्यावर, नव्या पालवीच्या आत मोजणी करा, आकाश मोकळं मिळतं. आणि सुरुवात गावच्या शिवेवरच्या दगडासारख्या न हलणाऱ्या खुणेपासून करा, नाल्यापासून कधीच नको.

पाणवठा:

मी वन्यजीव संशोधनात आहे, पदवी प्राणिशास्त्राची होती. वन्यजीव व्यवस्थापन पदवीला शोधू नकोस, ते पदव्युत्तरला घे. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था आणि बंगळुरूचं एनसीबीएस (राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र) ही दोन मोठी ठिकाणं. एनसीबीएस एक वर्षाआड प्रवेश देतं, हे आधीपासून ध्यानात ठेव.

पण तुझं वाचून मला वाटतं तुझी जागा देहरादूनलाच आहे. वन संशोधन संस्था तिथे, वन्यजीव संस्था तिथे, इस्रोची सुदूर संवेदन (उपग्रहावरून जमीन पाहण्याची) संस्था तिथे, सर्व्हे ऑफ इंडियाचं मुख्यालय तिथे. आणि भारतीय वन सर्वेक्षण, जे देशातलं वनाच्छादन उपग्रहावरून मोजतं, तेही तिथेच. तुझे तिन्ही विषय एका शहरात आहेत. इस्रोच्या त्या संस्थेचे ऑनलाइन वर्ग फुकट असतात, घरी बसून आत्ताच करता येतील.

वनरक्षकाची भरती निघाली तर तीही दे, बाबांचं ऐक. लागलीस तर काय करायचं ते तेव्हा ठरव. पण भरतीची वाट बघत पदवीचं वर्ष घालवू नकोस.

मोहफूल:

हिरडाबेहडा ताई/दादा, आणेपै काका, पाणवठा, तुम्ही तिघांनी एवढं लिहिलंत, मी बाबांना मोठ्यानं वाचून दाखवलं. आजोबांना साखळीचं ऐकून आनंद झाला. ते म्हणाले त्यांच्या लहानपणी साखळी ओढायला गावातलीच दोन माणसं घ्यायचे.

अर्जात पहिलं अकोला टाकणार आहे, दुसरं दापोली. पाणवठा म्हणतात तसं भरतीचंही बघेन. आणखी एक विचारायचं राहिलं. काका, आजोबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. अर्जुनाच्या ओळीवर नेऊन त्यांच्याकडून जुन्या नाल्याच्या खुणा आत्ताच लिहून घ्यायच्या म्हटलं तर तो कागद ग्रामसभेत कसा करायचा? शेजारच्या गावातली माणसं हजर असायला हवीत का?

आणेपै:

हवीतच. दोन्ही वनहक्क समित्यांना आधी लेखी कळवा, त्यांच्यातलाही एखादा वयस्कर माणूस सोबत घ्या, प्रत्येक झाडापाशी उभं राहून फोटो काढा, झाडाचा घेर लिहा आणि जागेवरच सह्या-अंगठे घ्या. मग तो कागद दोन्ही ग्रामसभांत वाचून ठरावाला जोडा. पावसाच्या आत करा.